ई-व्हॅल्यूच्या यादीतला खड्डा

मागच्या रविवारी सकाळी साडेआठला मैत्रिणीचा फोन आला. पुण्यात होस्टेलच्या एकाच खोलीत आम्ही दोन वर्षं काढली आहेत, त्यामुळे हॅलो-बिलो आमच्यात नसतं. "अगं, तुझ्या यादीत मध्ये खड्डा पडलाय," ती म्हणाली.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. ती हरभऱ्यावरच्या मर रोगावर काम करते. फ्युझॅरियम नावाची बुरशी मुळातून शिरते, झाड माना टाकतं आणि उभं वाळतं. या रोगाला दाद न देणाऱ्या वाणांमध्ये कोणती जनुकं वेगळी आहेत, हे तिचे विद्यार्थी शोधतात. हरभऱ्याची प्रथिनं घ्यायची आणि दुसऱ्या वनस्पतींतल्या माहितीतल्या प्रथिनांशी ब्लास्ट नावाच्या, प्रथिनांचे क्रम जुळवून बघणाऱ्या प्रोग्रामनं ताडून बघायची. ब्लास्टचे अहवाल भलेमोठे असतात. त्यातून प्रत्येक प्रथिनाचे चांगले हिट, म्हणजे त्याच्याशी जुळणारी प्रथिनं, उचलून यादी करणारा एक प्रोग्राम मी २०१० साली लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला होता. लिस्पच का, हे विचारू नका. होस्टेलवरच्या एका सीनियरनं ईमॅक्स हा एडिटर शिकवला, ईमॅक्सनं लिस्पची गोडी लावली, आणि मग कॉमन लिस्पपर्यंत घसरण आपोआप झाली. आता मी सांगलीत हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट बघते आणि बायोइन्फर्मॅटिक्सचा डिप्लोमा कपाटात आहे. पण तिच्याकडे तो प्रोग्राम अजून चालतो आणि बिघडला की रविवार माझा जातो.

ई-व्हॅल्यू म्हणजे काय, तेही एका दमात सांगून टाकते. दोन प्रथिनांचं जुळणं इतकं चांगलं निघालं, तर एवढ्या मोठ्या साठ्यात निव्वळ योगायोगानं असे किती हिट मिळाले असते, त्याची अपेक्षित संख्या. १० आली तर हिट कचरा. ०.००१ आली तर बघण्यासारखा. ३ई-५२, म्हणजे ३ भागिले १० चा ५२ वा घात, आली तर योगायोगाचा प्रश्नच उरत नाही. आकडा जितका छोटा तितका हिट चांगला. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यातच आहे.

(नेहमीची सूचना: या ब्लॉगवर कोडसुद्धा देवनागरीतच असतं. स्वतः करून बघताना अक्षरं आणि अंक रोमन टाका, नाहीतर मलाच मेल येतात.)

तर खड्डा. यादीत सगळ्यात वर ०.० ई-व्हॅल्यू असलेले नऊ हिट होते. त्यांच्याखाली थेट १.४०१२९८५ई-४५. मग ६ई-४३, २ई-४१ असं करत ०.००१ पर्यंत. ०.० आणि ई-४५ यांच्यामध्ये काहीच नाही. ना ई-६०, ना ई-१०० च्या आसपासचं एखादं. "एवढ्या प्रथिनांत असं होतच नाही," ती म्हणाली. "आणि हा एक पॉइंट चार शून्य एक दोन कुठून आणलास? ब्लास्टचा जुना अहवाल एवढ्या छोट्या आकड्यांना दशांश लावत नाही. एक अंक, ई आणि घातांक, संपलं."

मूळ फाइल उघडली. त्या हिटसमोर स्वच्छ १ई-४५ लिहिलेलं. माझ्या प्रोग्रामनं १ चे १.४ केले होते. चाळीस टक्के वाढ, तीही कुणाला न सांगता. पतसंस्था चालवत असते तर पोलीस आले असते.

प्रोग्राम उघडला आणि पहिल्याच मिनिटाला लाज वाटली. ई-व्हॅल्यू वाचणाऱ्या ओळीभोवती मी इग्नोर-एरर्स गुंडाळून ठेवलं होतं. म्हणजे वाचताना काहीही बिनसलं तरी गप्प बस, निल (म्हणजे 'काही नाही') दे आणि पुढच्या ओळीवर जा. वर माझ्याच हातची टिप्पणी: 'काही ओळी वाचता येत नाहीत, नंतर बघू.' हे नंतर उजाडायला पंधराच्या वर वर्षं लागली.

इग्नोर-एरर्स तात्पुरतं काढलं आणि एसबीसीएलवर, म्हणजे माझ्या कॉमन लिस्पच्या कंपायलरवर, पुन्हा चालवलं. लगेच डिबगर उभा राहिला. रीडर-एरर, फ्लोटिंग-पॉइंट अंडरफ्लो (म्हणजे आकडा मावेनासा छोटा), आणि समोर ती ओळ: ३ई-५२. म्हणजे रीडर, लिस्पचा मजकूर वाचणारा भाग, बिचारा पहिल्या दिवसापासून ओरडत होता, मीच त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता. आणि बोळ्यामुळे गळत काय होतं? जे आकडे फार छोटे, तेच. म्हणजे तिचे सगळ्यात चांगले हिट.

आता हा आकडा वाचता का येत नाही? पायथॉनवाल्यांना हे विचित्र वाटेल, कारण तिकडे फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा, ६४ बिटांचाच. कॉमन लिस्पमध्ये दशांश किंवा ई असलेला साधा आकडा दिसला की रीडर तो कोणत्या प्रकारचा करायचा हे एका व्हेरिएबलला विचारतो: *रीड-डिफॉल्ट-फ्लोट-फॉरमॅट*. दोन्ही बाजूंच्या तारकांना लिस्पवाले कानटोपी म्हणतात. ती घातलेली असली की हे व्हेरिएबल जागतिक आहे, जपून हात लावा, असा संकेत. त्याची मूळची किंमत सिंगल-फ्लोट आहे, म्हणजे ३२ बिट. त्यातले २४ बिट अचूकतेला, म्हणजे दशमान पद्धतीत जेमतेम सात अंक. आणि छोटेपणाची हद्द साधारण १.१८ई-३८.

त्या हद्दीच्या खाली एकदम शून्याचा कडा नाही, एक उतार आहे. फ्लोटसाठीचं आयईईई ७५४ हे मानक १९८५ साली आलं, तेव्हा हा उतार ठेवायचा की नाही यावर बराच वाद झाला होता. मानकाचे एक शिल्पकार विल्यम कॅहान यांनी तो लावून धरला. उतारावर आकडे छोटे होत जातात तसे अचूकतेचे बिट एकेक करून गळतात, आणि अगदी तळाला एकच पायरी उरते: १.४०१२९८५ई-४५. त्याखाली सिंगल-फ्लोटमध्ये फक्त शून्य.

तिला खटकलेला आकडा हाच. १ई-४५ ला जवळची पायरी ती एकच, म्हणून तो तिथं जाऊन बसला. पायऱ्यांचं आणखी एक उदाहरण यादीतच होतं. ५ई-४५ आणि ६ई-४५ असे दोन हिट होते. तळापासून मोजलं तर चौथी पायरी ५.६ई-४५ वर येते, तिसरी ४.२ वर, पाचवी ७ वर. पाच आणि सहा दोघांनाही चौथीच जवळची. लिस्पच्या दृष्टीनं ते दोन्ही आकडे तंतोतंत समान होते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, त्या फरकाला जीवशास्त्रात काडीची किंमत नाही. बरोबरच आहे. पण अर्ध्या पायरीच्याही खाली, साधारण ७ई-४६ च्या आत, आकडा गेला की रीडरला शून्यच हाताशी लागतं. मुळात शून्य नसलेल्या आकड्याला शून्य म्हणायला तो तयार नसतो आणि एरर देतो. हे त्याचं वागणं मला आवडतं. गुणाकार एवढा प्रामाणिक नाही. एसबीसीएलमध्ये १ई-३० गुणिले १ई-३० करून बघा, काहीही न बोलता ०.० येतं, कारण अंडरफ्लोचा सापळा तिथं मुळात बंद असतो.

सिंगल हा डिफॉल्ट कशाला ठेवला, म्हणून मी पूर्वी बोटं मोडायचे. पण ६४ बिटांच्या एसबीसीएलमध्ये सिंगल-फ्लोट पॉइंटरच्या जागेतच मावतो, डबलला, म्हणजे ६४ बिटांच्या फ्लोटला, सहसा मेमरीत वेगळी जागा घ्यावी लागते. तेव्हा अगदीच बिनडोक डिफॉल्ट नाही. आपल्या कामाचा नाही, एवढंच.

दुरुस्ती एका ओळीची आहे असं वाटून मी चहा टाकला. खरंच एका ओळीची आहे, फक्त ती ओळ कुठं टाकायची ते समजायला दुपार गेली.

पहिला प्रयत्न, आरईपीएलवर (ओळ टाकली की लगेच चालवणारी खिडकी), लेटनं व्हेरिएबलला तेवढ्यापुरती नवी किंमत देऊन, सहज तपासायला म्हणून:

(लेट ((*रीड-डिफॉल्ट-फ्लोट-फॉरमॅट* 'डबल-फ्लोट))
  (< ३ई-५२ १ई-५०))

पुन्हा तोच एरर. मी स्पेलिंग तपासलं, कंस मोजले. मग ट्यूब पेटली. लिस्प आधी पहिल्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंत सगळं वाचून काढतो आणि मगच चालवायला घेतो. ३ई-५२ वाचला गेला तेव्हा लेट चाललेलंच नव्हतं. पाकिटातल्या चिठ्ठीत लिहायचं की हे पाकीट अमुक पत्त्यावर पोचवा, तसला प्रकार. आत आकडा थेट लिहिलेला नसेल आणि चालताना स्ट्रिंगमधून वाचला जात असेल, तर मात्र हेच लेट चोख काम करतं.

दुसरा प्रयत्न, फाइलच्या डोक्यावर सेटएफ करून व्हेरिएबल बदलणं. फाइल सरळ लोड केली तर चालतं, कारण लोड एकेक फॉर्म वाचतो आणि लगेच चालवतो. पण फाइल आधी कंपाइल केली की कंपायलर ते सेटएफ नुसतं भाषांतरित करून ठेवतो, चालवत नाही, आणि खालचे आकडे सिंगलच वाचतो. इव्हॅल-व्हेनमध्ये गुंडाळलं तर कंपाइल होतानाही चालतं, पण मग बदल तिथंच राहतो. मानकाप्रमाणे लोड आणि कंपाइल-फाइल काम संपल्यावर पॅकेज आणि रीडटेबल ही व्हेरिएबलं पूर्ववत करतात. फ्लोटच्या व्हेरिएबलची हमी कुणी दिलेली नाही. आपल्यानंतर लोड होणाऱ्या दुसऱ्याच्या लायब्ररीत साधे ०.५ डबल व्हायला लागतात. शेजाऱ्याच्या नळाचं पाणी आपण परस्पर वळवल्यासारखं. मी ते काढून टाकलं आणि कोडमधल्या सगळ्या आकड्यांना हातानं डी लावला: १डी-५०, १डी-३. डी असला की आकडा डबलच, व्हेरिएबल काहीही म्हणो. फोरट्रानवाल्यांनाही हा डी ओळखीचा वाटेल. त्यांच्या जुन्या फाइली अशाच आकड्यांनी भरलेल्या असतात आणि लिस्पमध्ये त्या काही न करता नीट वाचल्या जातात.

कोडमधले आकडे डबल झाले, फाइलमधले अजून सिंगल. या अर्ध्या दुरुस्तीनं नवा घोळ घातला. माझी चाळणी होती ०.००१ किंवा त्याहून कमी. पुन्हा चालवलं तर ई-व्हॅल्यू बरोबर ०.००१ असलेले हिट यादीतून उडाले! कारण सिंगलमधला ०.००१ हा खरं तर ०.००१०००००००४७ च्या जवळपास असतो. तुलनेसाठी लिस्प त्याला डबल करतो तेव्हा ती शेपूट उघडी पडते आणि तो १डी-३ पेक्षा मोठा ठरतो. इथं बऱ्याच जणांना सुचतं ते मलाही सुचलं, वाचून झाल्यावर कोअर्सनं डबल करून टाकू. करून बघा:

(कोअर्स ०.१ 'डबल-फ्लोट)

उत्तर येतं ०.१०००००००१४९०११६१२डी०. एकदा सात अंकांच्या मापात ओतलेलं दूध मोठ्या पातेल्यात घातल्यानं वाढत नाही. प्रकार ठरवायचा तो वाचतानाच.

मग वाचण्याच्या फंक्शनमध्ये लेट घातलं. तरीही सिंगलच! या ठिकाणी मी खरोखर उठून गच्चीवर चक्कर मारून आले. परत येऊन पाहिलं तर लेटच्या आत, रीडच्या बाहेर, एक विथ-स्टँडर्ड-आयओ-सिंटॅक्स बसलं होतं. ते मीच कधीतरी शहाणपणानं घातलेलं, बाहेरच्या कुठल्याही सेटिंगचा वाचनावर परिणाम होऊ नये म्हणून. ते सगळी व्हेरिएबलं ठरलेल्या किमतींवर आणतं, आणि त्या ठरलेल्या किमतींत फ्लोटचा प्रकार सिंगल-फ्लोट आहे. माझं लेट बाहेरून डबल म्हणत होतं आणि आतला साहेब ते खोडून सिंगल करत होता. दोघांची अदलाबदल केली, लेट आत घेतलं, आणि ३ई-५२ पहिल्यांदाच ३डी-५२ म्हणून समोर आला. डबलची हद्द २.२ई-३०८ पर्यंत जाते, तेव्हा ब्लास्टसाठी पुष्कळ झालं.

यादी पुन्हा काढली. ई-४५ ते ई-९९ भरून आली. शंभरच्या पुढे अजून खड्डा.

हा दुसराच आजार निघाला, फ्लोटशी संबंध नसलेला. जुना ब्लास्ट तीन अंकी घातांक आला की पुढचा अंक गाळून टाकायचा. ३ई-१०५ असो की ७ई-१०५, अहवालात नुसतं ई-१०५. माणूस वाचताना तिथं १ धरून पुढे जातो. लिस्पच्या रीडरला मात्र अंकानं सुरू न होणारं ई-१०५ हे नाव वाटतं. तो एरर देत नाही, तर त्या नावाचं सिंबॉल तयार करून हातात ठेवतो. त्याची १डी-३ शी तुलना केली की टाइप-एरर, आणि इतकी वर्षं तोही इग्नोर-एरर्सच्या पोटात. पॅकेजमधली सिंबॉलं काढून पाहिली तर ई-१०२, ई-१०५, ई-११७, ई-१४० अशी ओळीनं उभी, जणू पोरांची हजेरी.

तिथं ठरवलं की परक्या फाइलीला रीड लावायचंच नाही. तसंही ते धोक्याचं आहे. *रीड-इव्हॅल* निल केलेलं नसेल तर फाइलीत कुणी हॅश आणि टिंब टाकून फॉर्म लिहिला, की वाचता वाचता तो चालतो सुद्धा.

त्याऐवजी बारा-चौदा ओळींचं फंक्शन लिहिलं. शब्द ई वर तोडायचा. डावीकडे काही नसेल तर १ धरायचा. दशांश चिन्ह असेल तर ते काढून तेवढा घातांक कमी करायचा. दोन्ही बाजू पार्स-इंटिजरनं पूर्णांक करायच्या आणि मग:

(* अंक (एक्स्प्ट १० घातांक))

लिस्पमध्ये १० चा उणे ५२ वा घात हा फ्लोट नसतो. तो चक्क अपूर्णांक असतो, अंश १ आणि छेदात एकावर बावन्न शून्यं, एकही अंक न गमावता. म्हणजे ३ई-५२ हा खरोखरचा ३ भागिले १० चा ५२ वा घात. याला कोअर्स करून डबल करणार होते, तेवढ्यात वाटलं, कशाला? यादी लावायला तुलना पुरते, आणि लिस्प अपूर्णांकांची तुलना अचूक करतो. चाळणी झाली १/१०००. छापायला मूळचा शब्द जपून ठेवला. सगळ्या प्रोग्राममध्ये आता एकही फ्लोट नाही. काही हजार ओळींना वेळ किती लागतो म्हणाल, तर एंटर दाबून कपाकडे हात नेईपर्यंत झालेलं असतं.

यात मजा अशी की एसबीसीएलचा रीडर आतून हेच करतो. आधी मोठ्या पूर्णांकांचा अचूक अपूर्णांक बनवतो आणि मग तो फ्लोटमध्ये कोंबतो. कितीही मोठे पूर्णांक हाताळायची सोय नसेल तर दशमान आकडा दर वेळी बिनचूक फ्लोटमध्ये वाचता येत नाही, हे विल्यम क्लिंगर यांनी १९९० साली दाखवून दिलं. ते स्कीमचे, म्हणजे लिस्पच्याच एका बोलीचे, आमच्या चुलतघरचे. फ्लोट अचूक छापायचे कसे, हा स्टील आणि व्हाइट यांचा निबंध त्याच परिषदेतला. आणि ब्लास्टचा मूळ निबंधही १९९०चाच. माझ्या ३ई-५२ ची दोन्ही घराणी एकाच वर्षातली.

संध्याकाळी तिला नवी यादी पाठवली. खड्डा भरला होता, एकशे बारा हिट नव्यानं वर आले होते. त्यातले दोन तिनं लगेच ओळखले, तिच्या विद्यार्थ्यानं ते वेगळ्या वाटेनं आधीच शोधले होते आणि यादीत नाहीत म्हणून बाजूला ठेवले होते. यावर ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"आणि हे वरचे ०.० वाले?" तिनं विचारलं. "ते नऊही सारखेच?"

ते लिस्पचं पाप नाही, मी सांगितलं. १ई-१८० च्या खाली गेलं की ब्लास्ट स्वतःच ०.० छापतो. आकडा फाइलीतच नाही तर मी कुठून आणू? त्यांचा क्रम हवा असेल तर बिट स्कोअरवर, म्हणजे जुळणीच्या गुणांवर, लावावा लागेल. तो तिथं साधा पूर्णांक असतो, सातशे, आठशे, नऊशे असा. जितका मोठा तितका हिट चांगला. एकाच प्रथिनाच्या एका अहवालात ई-व्हॅल्यू त्याच्यावरूनच तर काढतात, स्कोअर एकानं वाढला की ई-व्हॅल्यू निम्मी.

ती क्षणभर गप्प. "म्हणजे प्रत्येक प्रथिनाचे हिट तू पहिल्यापासून बिट स्कोअरवर लावले असतेस तर?"

मी फाइल पुन्हा उघडून पाहिली. बिट स्कोअर ई-व्हॅल्यूच्या लगेच डावीकडे होता, मध्ये दोन-चार मोकळ्या जागा.